पेट्रोल-डिझेलची खाजगी विक्री व २००८ ची माघार

भारतात मोटार-इंधनांच्या किरकोळ विक्रीचा व्यवसाय १९७६ च्या अखेरीपासून २००२ पर्यंत व्यवहारतः संपूर्णपणे सार्वजनिक क्षेत्राच्या हाती होता. २००२ मध्ये केंद्र शासनाने हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले केले. त्याचा लाभ घेऊन रिलायन्स इंडस्ट्रीज या कंपनीने देशभर पेट्रोल पंपांचे मोठे जाळे उभारले व अल्पावधीतच डिझेलच्या बाजारपेठेचा लक्षणीय हिस्सा मिळविला. तथापि जागतिक बाजारात खनिज तेलाचे भाव चढू लागताच शासनाने सार्वजनिक कंपन्यांच्या विक्री-किंमती रोखून धरल्या आणि त्यांना येणारी तूट अर्थसाहाय्याने भरून काढली. खाजगी कंपन्यांना हे साहाय्य मिळाले नाही. परिणामी मार्च २००८ मध्ये रिलायन्सने आपले १,४३२ पंप बंद केले. शासन हे एकाच वेळी मालक, किंमत ठरविणारे व साहाय्यदाते असेल, तर त्या क्षेत्रात स्पर्धा कितपत टिकू शकते, या प्रश्नाच्या दृष्टीने ही घटना भारताच्या आर्थिक इतिहासात महत्त्वाची ठरते.

पूर्वपीठिका : स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारतातील तेलविक्री मुख्यत्वे परदेशी कंपन्यांकडे होती. बर्मा-शेल ही १९२८ मध्ये स्थापन झालेली कंपनी, स्टँडर्ड व्हॅक्यूम (नंतरची एस्सो) आणि कॅलटेक्स या त्यांतील प्रमुख होत. स्टँडर्ड व्हॅक्यूमने १९५४ मध्ये व बर्मा-शेलने १९५५ मध्ये मुंबईनजीक तुर्भे (ट्रॉम्बे) येथे, तर कॅलटेक्सने १९५७ मध्ये विशाखापटनम येथे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू केले. शासनाने १९५९ मध्ये इंडियन ऑइल कंपनी स्थापन केली. सोव्हिएट रशियाकडून सवलतीच्या दराने मिळणारे डिझेल व केरोसीन आयात करून तिने परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीस प्रथमच आव्हान दिले. १९६४ मध्ये इंडियन रिफायनरीज लि. तीत विलीन होऊन इंडियन ऑइल कॉर्पोरेशन अस्तित्वात आले.

१९७३ च्या तेलसंकटानंतर राष्ट्रीयीकरणाचा वेग वाढला. एस्सोचा भारतातील व्यवसाय १९७४ मध्ये शासनाने संपादन केला व त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम ही कंपनी निर्माण झाली. जानेवारी १९७६ मध्ये बर्मा-शेलचा व्यवसाय शासनाकडे आला. त्यातून भारत पेट्रोलियम उदयास आली. डिसेंबर १९७६ मध्ये कॅलटेक्सचेही संपादन झाले व १९७८ मध्ये ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन करण्यात आली. याप्रमाणे सर्व प्रमुख विक्रेत्या कंपन्या शासकीय मालकीच्या झाल्या.

किंमत-नियंत्रणाची पद्धत : साठच्या दशकात नेमलेल्या दामले व तालुकदार समित्या, १९६९ ची शांतिलाल शहा समिती आणि १९७४–७६ या काळातील कृष्णस्वामी समिती यांनी तेलाच्या किंमती ठरविण्याची तत्त्वे वेळोवेळी सुचविली. कृष्णस्वामी समितीच्या शिफारशींवरून १९७७ पासून ‘प्रशासित किंमत पद्धती’ अंमलात आली. तीनुसार कारखान्यांना उत्पादनखर्च व ठराविक परतावा यांची हमी मिळे आणि ग्राहकांसाठीच्या किंमती शासन ठरवी. पेट्रोलसारख्या काही पदार्थांवरील जादा वसुली ‘तेल निधी खात्या’त जमा होई व तीतून केरोसीन आणि स्वयंपाकाचा वायू यांच्या किंमती कमी ठेवल्या जात. ही पद्धत भावांतील चढउतारांपासून ग्राहकांचे संरक्षण करी; परंतु खात्यातील तूट वाढू लागली, की शासनाच्या वित्तव्यवस्थेवर ताण येई. नव्वदीच्या दशकात हा ताण तीव्र झाला. त्यामुळे नोव्हेंबर १९९७ मध्ये ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्याचा निर्णय झाला आणि १ एप्रिल २००२ पासून ती औपचारिक रीत्या संपुष्टात आली.

खाजगी क्षेत्राचा प्रवेश : ८ मार्च २००२ च्या शासकीय ठरावानुसार तेलसंशोधन व उत्पादन, शुद्धीकरण, नळमार्ग किंवा साठवण-केंद्रे यांत किमान २,००० कोटी रुपये गुंतविणाऱ्या अथवा गुंतवू इच्छिणाऱ्या कंपन्यांना पेट्रोल, डिझेल व विमान-इंधन विकण्याचा अधिकार देण्यात आला. त्या वेळी राम नाईक हे पेट्रोलियम मंत्री होते. रिलायन्सला ५,८४९ विक्री-केंद्रांची परवानगी मिळाली. एस्सार व शेल या कंपन्यांनीही परवाने घेतले. शेलच्या आगमनाने, बर्मा-शेलच्या राष्ट्रीयीकरणानंतर सुमारे अडीच तपांनी, तिचे शिंपल्याचे चिन्ह भारतीय रस्त्यांवर पुन्हा दिसू लागले.

रिलायन्सच्या दृष्टीने हा प्रवेश स्वाभाविक होता. गुजरातमधील जामनगर येथे तिचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना १९९९–२००० मध्ये कार्यान्वित झाला होता. परंतु ग्राहकापर्यंत पोहोचण्याचे स्वतःचे साधन तिच्याजवळ नव्हते. तिचा माल सार्वजनिक कंपन्याच विकत घेऊन आपल्या पंपांवरून विकत. स्वतःचे पंप असल्यास शुद्धीकरणाबरोबरच विक्रीतील नफाही मिळणार होता. सार्वजनिक कंपन्यांच्या निर्गुंतवणुकीची चर्चाही त्या काळी जोरात होती. मात्र १६ सप्टेंबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या संसदेच्या कायद्यांन्वये संपादन केलेल्या असल्याने संसदेच्या संमतीवाचून त्यांचे खाजगीकरण करता येणार नाही. त्यामुळे खाजगी कंपन्यांना ज्यांच्याशी स्पर्धा करावयाची होती, ते प्रतिस्पर्धी शासकीयच राहिले. पुढील घटनाक्रमावर या गोष्टीचा खोल परिणाम झाला.

जाळ्याचा विस्तार : रिलायन्सने मुख्यत्वे राष्ट्रीय महामार्गांवर लक्ष केंद्रित केले. भारतात मोटार-इंधनांपैकी डिझेलचा खप सर्वाधिक असून त्याचा मोठा भाग मालमोटारी वापरतात. हे ओळखून कंपनीने मालमोटार-चालकांसाठी भोजन, विश्रांती, स्नानगृह व वाहनदुरुस्ती यांची सोय असलेली ‘ए-वन प्लाझा’ ही केंद्रे काढली आणि वाहतूक व्यावसायिकांना रोख रक्कम बरोबर न बाळगता इंधन घेता यावे, म्हणून विशेष कार्डे दिली. अचूक माप व निर्भेळ माल यांची हमी हा तिच्या जाहिरातींचा गाभा होता. केरोसीन स्वस्त व डिझेल महाग असल्याने डिझेलमध्ये केरोसीनची भेसळ करण्याचे प्रकार देशभर सर्रास होत. त्यामुळे या हमीला चालकांच्या लेखी खरे मोल होते. भेसळीचा हा व्यवहार किती हिंसक होता, याचे विदारक उदाहरण पुढे महाराष्ट्रातच घडले. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलभेसळीचा प्रकार उघडकीस आणताना अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आले.

सार्वजनिक कंपन्यांचे तीस हजारांहून अधिक पंप असताना रिलायन्सने थोड्या केंद्रांवरून मोठी विक्री साधली. २००६ च्या सुमारास, भरभराटीच्या काळात, तिचा हिस्सा डिझेलमध्ये सुमारे १४ टक्के व पेट्रोलमध्ये सुमारे ७ टक्के होता. या स्पर्धेमुळे सार्वजनिक कंपन्यांनाही आपल्या पंपांची सुधारणा, मापांची तपासणी व महामार्गावरील सोयी यांकडे लक्ष द्यावे लागले.

किंमतींचे पुनर्नियंत्रण : १ एप्रिल २००२ नंतर काही काळ कंपन्या जागतिक भावांनुसार दर पंधरवड्यास किंमती बदलीत. मात्र २००४ च्या सार्वत्रिक निवडणुकांच्या सुमारास हे बदल थांबले. ऑगस्ट २००४ मध्ये कंपन्यांना विशिष्ट मर्यादेत किंमती बदलण्याची मुभा देण्यात आली. परंतु जागतिक भाव ती मर्यादा ओलांडून गेल्याने ही व्यवस्थाही टिकली नाही. कायद्याने किंमती मुक्त होत्या; प्रत्यक्षात सार्वजनिक कंपन्या शासनाच्या अनुमतीवाचून त्या बदलू शकत नव्हत्या.

भारत आयात करीत असलेल्या खनिज तेलाची सरासरी किंमत २००३-०४ मध्ये पिंपास सुमारे २८ डॉलर होती. ती २००५-०६ मध्ये सुमारे ५६ डॉलर, तर २००७-०८ मध्ये ७९ डॉलरांवर गेली. जुलै २००८ मध्ये जागतिक बाजारात भावाने १४७ डॉलरांचा उच्चांक गाठला. या काळात देशातील विक्री-किंमती त्या मानाने अल्पच वाढल्या. फेब्रुवारी २००८ च्या वाढीनंतर दिल्लीत पेट्रोल लिटरला ४५·५२ रु. व डिझेल ३१·७६ रु. होते.

आयात-मूल्याशी निगडित किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीतून मिळणारी रक्कम यांतील तफावतीस तेलव्यवसायात ‘अंडररिकव्हरी’ म्हणजे अल्पवसुली म्हणतात. पेट्रोल, डिझेल, केरोसीन व स्वयंपाकाचा वायू यांवरील सार्वजनिक कंपन्यांची अल्पवसुली २००५-०६ मध्ये सुमारे ४०,००० कोटी रु. होती, २००७-०८ मध्ये ती ७७,१२३ कोटी रु. व २००८-०९ मध्ये १,०३,२९२ कोटी रु. झाली. ही रक्कम म्हणजे हिशेबातील तोटा नव्हे, कारण ती प्रत्यक्ष खर्चावर आधारलेली नसून आयात-मूल्यावर आधारलेली होती. तथापि कंपन्यांच्या रोख व्यवहारावर तिचा ताण खराच होता.

अर्थसाहाय्याची रचना : ही तफावत तीन मार्गांनी भरून काढली जाई. तेल व नैसर्गिक वायू महामंडळ (ओएनजीसी), ऑइल इंडिया व गेल या सार्वजनिक कंपन्या आपल्या मालावर सूट देऊन ढोबळमानाने एकतृतीयांश भार उचलीत. केंद्र शासन रोख रकमेऐवजी ‘तेल रोखे’ देई. उरलेला भाग विक्रेत्या कंपन्या स्वतः सोशीत. २००७-०८ मधील ७७,१२३ कोटी रुपयांपैकी ३५,२९० कोटी रु. रोख्यांच्या रूपाने, तर सुमारे २५,७०० कोटी रु. उत्पादक कंपन्यांच्या सवलतीतून आले; सुमारे १६,१०० कोटी रुपयांचा भार विक्रेत्या कंपन्यांकडे राहिला. रोख्यांची रक्कम त्या वर्षीच्या अंदाजपत्रकीय तुटीत धरली जात नसे. त्यांची परतफेड मात्र पुढील वर्षांच्या अंदाजपत्रकांवर पडे. काही रोख्यांच्या मुदती २०२६ पर्यंत होत्या. म्हणजे २००५ ते २०१० या काळात वाहनांत भरलेल्या इंधनाच्या किंमतीचा एक भाग पुढील पिढीच्या करदात्यावर टाकला गेला. दुसरीकडे त्याच इंधनावर केंद्र शासन उत्पादन शुल्क व राज्य शासने विक्रीकर वसूल करीतच होती.

या साहाय्याच्या कक्षेत खाजगी कंपन्या नव्हत्या. त्यांच्यावर किंमतीचे बंधनही नव्हते. परंतु समोरच्या पंपावर तेच इंधन लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त मिळत असताना हे स्वातंत्र्य निरर्थक होते. किंमत वाढवावी, तर ग्राहक जाई. न वाढवावी, तर प्रत्येक लिटरमागे तूट येई. यातील विसंगती विशेष लक्षणीय आहे : जामनगरचे डिझेल सार्वजनिक कंपनीने विकत घेऊन आपल्या पंपावरून विकल्यास त्यास साहाय्य मिळे, तेच डिझेल रिलायन्सच्या पंपावरून विकल्यास मिळत नसे.

माघार : मे २००६ मध्ये रिलायन्सने आपल्या किंमती सार्वजनिक कंपन्यांच्या वर नेल्या. मालमोटार-व्यवसायात इंधन हाच खर्चाचा मुख्य भाग असल्याने चालकांनी लगेच पाठ फिरविली आणि विक्री झपाट्याने घसरली. विश्रांतीच्या सोयी व अचूक माप यांपोटी थोडा जादा दर देण्यास ग्राहक तयार होता; लिटरमागे कित्येक रुपये देण्यास नव्हता. अखेरीस मार्च २००८ मध्ये कंपनीने सर्व १,४३२ पंप बंद केले. परवानगी मिळालेल्या केंद्रांच्या ते एकचतुर्थांशाहूनही कमी होते. एस्सार व शेल यांनी आपला व्यवसाय मर्यादित स्वरूपात चालू ठेवला.

रिलायन्सला माघार घेणे शक्य झाले, याचे कारण तिच्यापुढे निर्यातीचा मार्ग खुला होता. २००७ मध्ये जामनगरच्या पहिल्या कारखान्यास निर्यातप्रधान उद्योगाचा दर्जा मिळाला आणि डिसेंबर २००८ मध्ये तेथील विशेष आर्थिक क्षेत्रातील दुसरा कारखाना सुरू झाला. देशात तुटीने विकण्याऐवजी परदेशात जागतिक भावाने विकणे कंपनीस फायद्याचे होते. खऱ्या अर्थाने अडचणीत आले ते पंपांसाठी जमीन व भांडवल गुंतविणारे विक्रेते आणि तेथील कामगार. कारण महामार्गावरील पंपाची टाकी व यंत्रे दुसऱ्या कामास येत नाहीत आणि त्यांना निर्यातीचा पर्यायही नसतो. चालकांसाठी उभारलेली विश्रांतिस्थाने ओस पडली. बंद पंपांच्या छतांखाली गवत वाढलेले पुढे कित्येक वर्षे प्रवाशांच्या दृष्टीस पडे.

वादातील दोन बाजू : शासनाची भूमिका अशी होती, की सार्वजनिक कंपन्या दुर्गम भागांत पंप चालवितात, शिधावाटप व्यवस्थेसाठी केरोसीन व घरगुती वापरासाठी वायू पुरवितात; ही सामाजिक जबाबदारी खाजगी कंपन्यांवर नाही. शिवाय त्यांना शुद्धीकरण व निर्यात यांतून चांगला नफा मिळतो. अशा कंपन्यांना सार्वजनिक पैशातून साहाय्य देणे समर्थनीय नाही. हा युक्तिवाद केरोसीन व वायू यांपुरता सबळ होता. परंतु डिझेल व पेट्रोल यांवरील साहाय्य गरीब-श्रीमंत असा भेद न करता प्रत्येक लिटरमागे मिळत असल्याने, अधिक इंधन वापरणाऱ्यास अधिक लाभ होई. डिझेल स्वस्त राहिल्याने डिझेलवर चालणाऱ्या खाजगी मोटारींचा खपही वाढला.

खाजगी कंपन्यांचे म्हणणे असे, की २००२ च्या ठरावाने किंमती मुक्त राहतील, असा विश्वास दिल्यानेच त्यांनी गुंतवणूक केली. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलणे अन्यायाचे आहे. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळासंबंधीचा कायदा २००६ मध्ये झाला. परंतु शासनाच्या किंमतविषयक धोरणाला बांध घालण्याइतके सामर्थ्य त्या मंडळास लाभले नाही. रंगराजन समिती (२००६), चतुर्वेदी समिती (२००८) व किरीट पारीख समिती (२०१०) यांनी कमीअधिक फरकाने किंमती बाजारभावाशी जोडण्याचीच शिफारस केली.

पुनःप्रवेश : जून २०१० मध्ये पेट्रोलच्या किंमती मुक्त करण्यात आल्या. डिझेलच्या बाबतीत जानेवारी २०१३ पासून दरमहा लिटरमागे सुमारे ५० पैशांची वाढ करण्याचे धोरण स्वीकारले गेले. एकदम मोठी वाढ करण्यापेक्षा ही अल्प व नियमित वाढ जनतेने सहन केली. २०१४ च्या उत्तरार्धात जागतिक भाव कोसळल्याने उरलेली तफावत नाहीशी झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मुक्त झाले. भाव उतरल्याचा पूर्ण लाभ मात्र ग्राहकांना मिळाला नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढविण्यात आले.

२०१५ पासून रिलायन्सने बंद पंप क्रमाक्रमाने पुन्हा उघडले. जून २०१७ पासून देशभर किंमती दररोज बदलू लागल्या. एस्सारचा तेलव्यवसाय २०१७ मध्ये रशियाची रॉसनेफ्ट व तिचे सहगुंतवणूकदार यांनी विकत घेतला; तो पुढे नायरा एनर्जी या नावाने ओळखला जाऊ लागला. नोव्हेंबर २०१९ मध्ये २,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची अट काढून त्याजागी किरकोळ विक्रीसाठी २५० कोटी रु. निव्वळ मत्तेची अट ठेवण्यात आली. जुलै २०२० मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीने एक अब्ज डॉलर देऊन रिलायन्सच्या इंधनविक्री व्यवसायात ४९ टक्के हिस्सा घेतला. त्या वेळी या व्यवसायाकडे सुमारे १,४०० पंप होते, म्हणजे बारा वर्षांपूर्वी बंद झाले, जवळजवळ तेवढेच.

२०२२ ची पुनरावृत्ती : फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर तेलाचे भाव पुन्हा उसळले. नोव्हेंबर २०२१ पासून सार्वजनिक कंपन्यांनी दैनंदिन बदल थांबविले होते. मार्च २०२२ च्या अखेरीस दोन आठवड्यांत लिटरमागे सुमारे १० रु. वाढ झाली व ६ एप्रिलनंतर किंमती पुन्हा गोठल्या. घाऊक डिझेल किरकोळ डिझेलपेक्षा बरेच महाग झाल्याने मोठे ग्राहकही पंपांकडे वळले. खाजगी कंपन्यांनी काही ठिकाणी किंमती वाढविल्या, तर काही ठिकाणी विक्री आवरती घेतली. त्यावर जून २०२२ मध्ये शासनाने सर्व विक्री-केंद्रांवर, खाजगी कंपन्यांच्याही, ठराविक वेळेत इंधन उपलब्ध ठेवण्याचे बंधन घातले. २००८ मध्ये पंप बंद करण्याची जी मुभा होती, तीही याप्रमाणे आकुंचित झाली.

या वेळी तेल रोखे काढण्यात आले नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहामाहीत तिन्ही सार्वजनिक कंपन्यांना मिळून सुमारे २१,००० कोटी रु. निव्वळ तोटा झाला. पुढे भाव उतरल्यावर किंमती तशाच ठेवून २०२३-२४ मध्ये त्यांनी सुमारे ८१,००० कोटी रु. नफा मिळविला. म्हणजे चढत्या भावात सोसलेली तूट उतरत्या भावात ग्राहकाकडूनच वसूल झाली. ज्याच्यामागे शासनाची मालकी आहे, अशी कंपनी या फेऱ्याची वाट पाहू शकते. केवळ विक्रीवर अवलंबून असलेल्या लहान कंपनीस ते शक्य नसते.

मूल्यमापन : २००८ ची माघार हे अकार्यक्षमतेचे फळ नव्हते, विक्रीच्या कौशल्यात कंपनी मागे नव्हती. तिची चूक असलीच, तर ती धोरणाच्या शब्दांवर भिस्त ठेवण्यात होती. किंमती कायद्याने मुक्त असणे व व्यवहारात मुक्त असणे यांत अंतर असते आणि ते अंतर जागतिक भाव चढल्यावरच उघड होते. इंधनाच्या दरवाढीचा भार वाहतूक, शेती व अन्नधान्य यांच्यामार्फत सर्वसामान्यांवर पडत असल्याने शासनाने ती सौम्य करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. मात्र हे साहाय्य विक्रेत्याच्या मालकीवरून न देता गरजू ग्राहकास थेट दिले असते, तर ग्राहकाचे रक्षण व विक्रेत्यांतील स्पर्धा या दोन्ही गोष्टी साधता आल्या असत्या. स्वयंपाकाच्या वायूच्या बाबतीत ग्राहकाच्या बँक खात्यात साहाय्य जमा करण्याची पद्धत १ जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली, ती याच विचाराची निदर्शक होय. पेट्रोल-डिझेलच्या बाबतीत तसे घडले नाही. त्यामुळे तेलाच्या भावातील प्रत्येक मोठ्या उसळीबरोबर, महामार्गावरील खाजगी पंप उघडा राहील की नाही, हा प्रश्न नव्याने उभा राहतो.